ओंडक्याच्या फळ्या पाडायला कटर किती ताकदीचा हवा?



बांधावर आजोबांनी लावलेला साग आज तुमच्या कवेत मावत नाही. घराला दोन चौकटी करायच्या आहेत, एक पलंग करायचा आहे, गाडीची धुरीही बदलायला झाली आहे. वखारीत जाऊन सागाचा भाव विचारला, की माणूस मुकाट्याने घरी परत येतो. मग मनात येते, झाड आपले, अंगण आपले; एक कटर आणला तर घरच्या घरी फळ्या का पाडू नयेत?

विचार वाईट नाही. पण बाजारात गेल्यावर दुकानदार ५८ सीसीचा स्वस्त कटर पुढे ठेवतो आणि सांगतो, "भाऊ, याने काहीही कापा." इथेच फसगत होते. तो कटर फांद्या तोडील, सरपण करील, ओंडक्याचे आडवे तुकडेही पाडील. पण सात फुटी जाड ओंडका त्याच कटरने उभा चिरायला घेतला, की दुसऱ्या-तिसऱ्या फळीला इंजिन तापते, पिस्टन सिलिंडरला धरतो आणि कटर बंद पडतो. मग नवा कटर आणि अर्धा चिरलेला ओंडका, दोन्ही खळ्यात पडून राहतात. वर पाऊस आला तर लाकूड तडकते, काळे पडते. कटरचे पैसे एक वेळ पुन्हा जमवता येतील. चाळीस वर्षांचे झाड कुठून आणायचे?

म्हणून या पत्रकात लाकूड चिरण्यासाठी कटर कसा निवडावा, आणि मुळात तो घ्यावा की नाही, हे सविस्तर सांगत आहोत. ज्याला आपण बोलताना कटर किंवा चेन सॉ म्हणतो, त्यालाच पुस्तकात साखळी करवत म्हणतात. इथे आपण कटर हाच शब्द वापरू.

आडवे कापणे वेगळे, उभे चिरणे वेगळे

सुताराला विचारा, तो सांगेल की आडव्या कापाची करवत निराळी आणि उभ्या चिरीची निराळी. कटरचेही तसेच आहे. पूर्वी आपल्याकडे मोठा ओंडका उंच घोडीवर चढवून दोघे जण करवत ओढत. एक वर उभा, एक खाली. दिवसाकाठी थोड्याच फळ्या पडत आणि दोघांचे खांदे भरून येत. ते कष्ट कशाचे होते, हे हिशेबाने बघू.

समजा ओंडका १८ इंच व्यासाचा आणि ७ फूट लांब आहे. त्याचा एक आडवा तुकडा पाडला, तर जेवढे तोंड कापले जाते त्याचे क्षेत्र भरते सुमारे पावणेदोन चौरस फूट. आता त्याच ओंडक्याची मधोमध एक उभी चीर घेतली. दीड फूट रुंदी गुणिले सात फूट लांबी, म्हणजे साडेदहा चौरस फूट. एका उभ्या चिरीत सहा आडव्या कापांएवढे काम झाले, आणि तेही मध्ये न थांबता, पूर्ण जोरात.

आडवा तुकडा पाडताना कटर अर्धा-एक मिनिट जोर करतो आणि मग आपण त्याला विसावा देतो. उभ्या चिरीत त्याला पाच-दहा मिनिटे सलग ओढत राहावे लागते. बैलाला चढावर भरलेली गाडी क्षणभर ओढायला लावणे वेगळे आणि चांदसैलीचा सगळा घाट तशीच ओढायला लावणे वेगळे. शिवाय लाकडाच्या धाग्यांची तोंडे खोदत पुढे जावे लागते, ते काम जड असते. म्हणून उभ्या चिरीसाठी इंजिन मोठे लागते.

ताकद कशी ओळखावी?

कटरवर दोन आकडे बघा. एक सीसी, म्हणजे सिलिंडरचे आकारमान. दुसरा किलोवॉट किंवा हॉर्सपॉवर, म्हणजे प्रत्यक्ष ताकद. एक किलोवॉट म्हणजे साधारण १.३५ हॉर्सपॉवर.

चांगल्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे पाहिले तर एक सोपा ठोकताळा हाती लागतो: दर १० सीसीमागे अर्धा किलोवॉट, फार तर थोडा जास्त. उदाहरणे बघा. स्टिलचा एमएस २५० हा ४५ सीसीचा कटर २.३ किलोवॉट देतो. त्याच कंपनीचा एमएस ३८२ हा ७२ सीसीचा आहे, तो ३.९ किलोवॉट देतो. एमएस ६६१ हा ९१ सीसीचा, ५.४ किलोवॉटचा. हुस्कवार्नाचा ३१२० एक्सपी हा सुमारे ११९ सीसीचा, ६.२ किलोवॉटचा. ही नावे केवळ आकडे समजावेत म्हणून दिली आहेत. अमुकच कंपनीचा घ्या असे आमचे सांगणे नाही.

आता एखाद्या कटरवर ५८ सीसी आणि ५ किलोवॉट असे छापलेले दिसले, तर समजावे की कागदावरची ताकद आणि इंजिनातली ताकद यांत फरक आहे. ५८ सीसीचे इंजिन तीन किलोवॉटच्या आसपासच राहणार.

सीसीचा आकडाही पडताळून घेता येतो. माहितीपुस्तकात सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल दिलेली असते. दोन्ही सेंटीमीटरमध्ये घ्या. व्यासाला व्यासाने गुणा, त्याला ०.७८५ ने गुणा, मग चालीने गुणा. समजा व्यास ४.५ आणि चाल ३.४ सेंटीमीटर आहे. ४.५ गुणिले ४.५ झाले २०.२५, त्याला ०.७८५ ने गुणले की १५.९, त्याला ३.४ ने गुणले की ५४. म्हणजे इंजिन ५४ सीसीचे. वर चिठ्ठी ६२ ची असली तरी इंजिन ५४ चेच. घरातल्या शाळकरी मुलाला हिशेब करायला सांगा, तो दुकानातच करून देईल.

किती जाड ओंडक्याला किती ताकद?

आपण झाड गोलाईने मोजतो. दोरी गुंडाळून गोलाई इंचात घ्या, तिला ७ ने गुणा आणि २२ ने भागा. आला तो व्यास. छातीएवढ्या उंचीवर नव्हे, तर जो ओंडका चिरायचा आहे त्याच्या जाड टोकाला मोजा. मग पुढील अंदाज धरावा:

१) गोलाई ३८ इंचांपर्यंत, म्हणजे व्यास १२ इंचांपर्यंत: कमीत कमी ६० ते ७० सीसी. तेही कधीमधी, वर्षाकाठी चार-दोन ओंडके असतील तरच.

२) गोलाई ३८ ते ५६ इंच, व्यास १२ ते १८ इंच: ७० ते ८० सीसी, चार किलोवॉटच्या आसपास. बहुतेक शेतकऱ्यांच्या बांधावरचे साग आणि निंब याच मापात बसतात.

३) गोलाई ५६ ते ७५ इंच, व्यास १८ ते २४ इंच: ९० सीसी किंवा अधिक, पाच किलोवॉटच्या पुढे.

४) त्याहून जाड, म्हणजे जुना आंबा, चिंच किंवा मोठा साग: ११० ते १२० सीसी, सहा किलोवॉटच्या पुढे. असा ओंडका घरी चिरण्यापेक्षा लाकूडगिरणीवर नेलेला बहुधा बरा.

५० सीसीच्या आतला कटर फळ्या पाडण्यासाठी घेऊच नये. दुकानदाराने कितीही शपथा घेतल्या तरी.

लाकूड कोणते, हेही बघावे लागते. सागाचे वाळलेले लाकूड घनमीटरला साधारण ६५० किलो भरते, बाभळीचे ८०० किलोच्या आसपास, खैराचे १००० च्या घरात. लाकूड जितके जड, तितका कटरला जोर जास्त. बाभूळ, ऐन, धावडा चिरायचा असेल तर वरच्या यादीतली एक पायरी पुढची ताकद धरा. सागाची गोष्ट आणखी वेगळी. तो फार जड नाही, पण त्याच्या लाकडात वाळूसारखे बारीक खनिज असते, त्याला सिलिका म्हणतात. त्यामुळे चेनचे दात लवकर बोथट होतात. कोणतेही लाकूड ओले असताना चिरायला सोपे जाते; वर्षभर वाळलेला ओंडका त्याहून हट्टी असतो.

बार आणि चेन

ज्या लांब पट्टीवरून चेन फिरते तिला बार म्हणतात. फळ्या सरळ पडण्यासाठी बारवर एक लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट बसवतात. ती ओंडक्यावर ठेवलेल्या शिडीवरून किंवा सरळ फळीवरून पुढे सरकते. या चौकटीत बारची चार-पाच इंच लांबी अडकते. म्हणून ओंडक्याच्या व्यासापेक्षा बार किमान सहा इंच मोठा हवा. १८ इंचांच्या ओंडक्याला २४ इंचांचा बार. चौकटीशिवाय, नुसत्या हाताने उभी चीर घेऊ नका. फळी एका टोकाला एक इंच आणि दुसऱ्या टोकाला दोन इंच होते, आणि ते लाकूड सुतार रंध्याखाली घालवतो.

काही जण लहान कटरला मोठा बार लावतात. तसे करू नये. इंजिनाला चेन ओढवत नाही आणि बारच्या टोकापर्यंत तेलही पोचत नाही. मग बार निळा पडतो, चेन ताणते.

चेनबद्दल एक मजेशीर गोष्ट सांगतो. जर्मनीत आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळी करवत तयार केली. पण त्या काळच्या चेनचे दात साध्या करवतीसारखे होते, ते सारखे घासावे लागत. १९४६ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या जंगलात एका खोडाकडे बघत बसला होता. लाकडात भुंगेऱ्याची अळी होती. आपल्याकडे जी अळी आंब्याचे खोड पोखरते, तिच्याच जातकुळीतली. ती अळी धाग्याच्या दिशेने आणि आडवीही सारखीच सहज पोखरत होती, कारण तिचे जबडे डावीकडून उजवीकडे वळून लाकूड सोलत होते. कॉक्सने त्या जबड्यासारखे दात चेनला केले. आज आपण वापरतो ती चेन त्यातूनच आली.

ही साधी चेन आडव्या कापासाठी घासलेली असते. तिच्या दाताचा कोन ३० अंशांच्या आसपास असतो. उभ्या चिरीसाठी तोच कोन १० अंशांच्या आसपास घासतात. अशी चेन तयार मिळते, नाहीतर साधी चेन कानशीने घासून करता येते. १० अंशांच्या चेनने फळी गुळगुळीत पडते आणि इंजिनावर धक्के कमी बसतात. कटर घेतानाच विचारा, "उभ्या चिरीची चेन आणि २४ इंची बार याला मिळतो का? सुटे भाग नंदुरबारला, शहाद्याला किंवा धुळ्याला मिळतात का?" उत्तर नाही असेल तर कटर कितीही चांगला असो, तो घेऊ नका.

तीन सुतांचा हिशेब

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कटरची चेन जाड असते. तिची चीर सुमारे तीन सूत, म्हणजे एक इंचातले आठापैकी तीन भाग, लाकडाचा भुसा करते. लाकूडगिरणीवरचा पट्ट्याचा आरा पातळ असतो; त्याची चीर सुमारे एक सूत.

समजा बारा इंची चौरस गाळा केला आहे आणि त्याच्या एक इंची फळ्या पाडायच्या आहेत. कटरने नऊ फळ्या निघतात: नऊ इंच लाकूड आणि आठ चिरींत तीन इंच भुसा. गिरणीवर दहा फळ्या निघतात आणि वर सहा सुतांची एक पातळ फळी उरते. म्हणजे कटरने दोन फळ्यांएवढे लाकूड भुशात गेले. सागाच्या भावाने याचा हिशेब तुम्हीच करा.

आता त्याच गाळ्याच्या दोन इंची फळ्या पाडा. कटरने पाच, गिरणीवरही पाचच. फळ्यांच्या संख्येत फरक नाही.

यातून नियम निघतो. खांब, तुळया, चौकटी, गाडीची धुरी, जू, असे जाड काम असेल तर घरचा कटर परवडतो. पातळ फळ्या, पाट, कपाटाचे लाकूड हवे असेल तर कटरने फक्त गाळे पाडा आणि ते गिरणीवर नेऊन फळ्या पाडून घ्या. गाळे वाहून न्यायलाही सोपे आणि गाडीभाडेही वाचते.

यंत्र टिकवायचे कसे?

१) कटरचे इंजिन टू-स्ट्रोक असते. पेट्रोलमध्ये टूटी तेल मिसळावेच लागते. ५० ला १ प्रमाण असेल तर लिटरला २० मिलि, २५ ला १ असेल तर ४० मिलि. आपल्या यंत्राचे प्रमाण पुस्तकात बघा. अंदाजाने ओतू नका. तेल कमी पडले की पिस्टन गेला.

२) आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते. मिसळलेले पेट्रोल तीन-चार आठवड्यांच्या वर ठेवू नका. काम संपले की टाकी रिकामी करून कटर बंद पडेपर्यंत चालवा आणि मगच ठेवा.

३) चिरताना भुसा फार बारीक उडतो. दर टाकीला हवेची जाळी झटका. जाळी तुंबली की इंजिन तापते.

४) एक चीर संपली की कटर लगेच बंद करू नका. अर्धा-एक मिनिट मंद चालू ठेवा, म्हणजे इंजिन थंड होते. धाप लागलेला बैल एकदम बांधत नाहीत, तसेच हे.

५) कटर स्वतः पुढे ओढला गेला पाहिजे. तुम्हाला रेटावे लागत असेल तर दात बोथट झाले, असे समजा. थांबा, कानस मारा. बोथट चेनने मोठा कटरही लहान होतो.

६) पाच किलोवॉटचा कटर पूर्ण जोरात तासाला अडीच-तीन लिटर पेट्रोल पितो. हा खर्च आधीच धरा.

बांधावरच्या झाडात खिळे, काटेरी तार, विळ्याचे तुटलेले टोक असू शकते. झाड वाढताना ते पोटात घेते. बुंध्याची साल नीट बघा. निळसर-काळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे. एक खिळा नवीकोरी चेन खाऊन टाकतो.

जिवाची काळजी

चेन एका सेकंदात कित्येक मीटर धावते. तिला धोतर, उपरणे, पदर आणि मांडी यांतला फरक कळत नाही. अंगाला घट्ट कपडे, पायात बूट, डोळ्याला चष्मा, कानात बोळे आणि पायांना चेन अडवणारी जाड विजार हवीच. कटरचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. कानाला काही न लावता हंगामभर काम केले तर बहिरेपण येते आणि ते परत जात नाही.

बारच्या टोकाचा वरचा भाग कशालाही लागू देऊ नका. कटर उसळून तोंडावर येतो. उभी चीर मागून मिटू लागली की तीत लाकडी पाचर ठोका, म्हणजे बार अडकत नाही. बंद खोलीत किंवा गोठ्यात कटर चालवू नका. धुरातला विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. वारा पाठीशी घ्या. सागाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज येते, दमही लागतो. तोंडाला फडके बांधा. एकट्याने काम करू नका. आणि घोटभर घेतलेल्या माणसाच्या हाती कटर देऊ नका, मग तो घरचा कर्ता असला तरी.

कायद्याचे बघा, मगच कटर चालू करा

झाड आपल्या शेतात आहे म्हणून ते मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे साग, मोह, आंबा, चिंच, खैर, ऐन, जांभूळ अशी काही झाडे तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

आदिवासी बांधवांनी आणखी एक लक्षात ठेवावे. व्यापाऱ्यांनी फसवू नये म्हणून १९६९ साली वेगळा कायदा झाला. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरची झाडे परभारे व्यापाऱ्याला विकता येत नाहीत. तो व्यवहार सरकारी मार्गानेच व्हायला हवा. कोणी रोख पैसे पुढे करून "कागदाची काय गरज?" असे म्हणाला, तर तिथेच सावध व्हा. वनपट्टा मिळालेल्या जमिनीवरचा साग तोडण्याचा हक्क पट्ट्यासोबत मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

लाकूड हलवायचे तर वाहतूक परवाना आणि लाकडावर वनखात्याच्या हातोड्याची खूण लागते. नवापूरकडून हद्द ओलांडून गुजरातेत जाणाऱ्यांनी तर हे कधीच विसरू नये.

आणि कटर घेऊन गावोगावी पैशाने लाकूड चिरून देण्याचा धंदा करायचा विचार असेल, तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन लेखी विचारून घ्या. लाकूडगिरण्यांवर कडक नियम आहेत. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने नव्या गिरण्यांवर आणखी बंधने घातली. घरचे लाकूड घरासाठी चिरणे आणि धंदा करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोंडी "चालतं हो" यावर विसंबू नका. पुढे कटर जप्त झाला तर ते तोंडी बोल कामाला येत नाहीत.

घ्यावा की नाही?

मोठ्या कटरची किंमत विचाराल तर बैलजोडीच्या भाषेत बोलावे लागते. त्यावर बार, चेन, चौकट, कानशी, अंगरक्षणाचे साहित्य आलेच. म्हणून खरेदीआधी कागदावर चार ओळी लिहा. येत्या पाच वर्षांत आपल्याला किती घनफूट लाकूड चिरायचे आहे? गिरणीवर घनफुटाला चिराईचे किती घेतात? ओंडका गिरणीपर्यंत न्यायला किती भाडे पडते? आणि कटरची किंमत, पेट्रोल, तेल, चेन मिळून किती?

घनफूट काढायला गोलाईचा चौथा भाग घ्या, त्याला त्यानेच गुणा आणि लांबीने गुणा. वखारीत हीच रीत चालते. आपल्या १८ इंची, सात फुटी ओंडक्याची गोलाई ५६ इंच धरली, तर चौथा भाग १४ इंच. १४ गुणिले १४ म्हणजे १९६ चौरस इंच. १४४ ने भागले की १.३६ चौरस फूट. सात फुटांनी गुणले की साडेनऊ घनफूट. असे दोन-चारच ओंडके असतील, तर कटर विकत घेणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे. ओंडके गिरणीवर न्या.

पण धडगाव-अक्कलकुव्याकडच्या डोंगरपाड्यात, जिथे ट्रॅक्टर पोचत नाही आणि ओंडका माणसांच्या खांद्यावरून उतरवावा लागतो, तिथे हिशेब उलटा होतो. तिथे ओंडका गिरणीवर नेण्यापेक्षा गिरणीच ओंडक्याकडे नेणे सोयीचे. अशा ठिकाणी पाड्यातल्या सात-आठ घरांनी मिळून ७० ते ९० सीसीचा एक चांगला कटर घ्यावा, तो एका समजूतदार, शिकलेल्या माणसाच्या हाती ठेवावा आणि पेट्रोल-चेनचा खर्च वापराप्रमाणे वाटून घ्यावा. सगळ्यांनी मिळून घेतलेला एक खरा कटर, सगळ्यांनी वेगवेगळ्या घेतलेल्या सात खेळण्यांपेक्षा केव्हाही बरा.

फळ्या पडल्या की काम संपले, असे नाही. त्या उन्हात टाकू नका. सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी रचा. टोकांना जुना रंग किंवा डांबर लावा, म्हणजे टोके तडकत नाहीत. वर वजन ठेवा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा तरी जाऊ द्या, मग सुताराला बोलवा.

तर बंधूंनो, थोडक्यात सांगायचे म्हणजे आधी परवानगी, मग गोलाई, मग हिशेब आणि सगळ्यांत शेवटी दुकान. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात आणि मग पस्तावतात. तुम्ही तसे करू नका. झाड लावणाऱ्याने चाळीस वर्षे वाट पाहिली; तुम्ही चार दिवस विचार करायला थांबलात, तर त्याचे काही बिघडणार नाही. उलट त्याच्या सावलीत वाढलेली नातवंडे उद्या त्याच लाकडाच्या दारातून आत-बाहेर करतील.